चिऊचा पाय कोण धरणार?

अप्पांनी बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवर पेन्सिलीने पहिली रेघ ओढली, तेव्हा त्या भिंतीचा नवा रंग पुरता वाळलाही नव्हता. चिऊची आई हात पुसत बाहेर आली. तिने रेघेकडे पाहिलं, मग अप्पांकडे पाहिलं, आणि एक अक्षर न बोलता ती परत आत गेली. इतक्या वर्षांच्या संसारातून अप्पांना एक गोष्ट पक्की कळली होती, ती म्हणजे ती बोलत असते तोवर घाबरायचं कारण नसतं.

"ही पहिली रेघ," भिंतीलगत गादीवर उताण्या पडलेल्या चिऊला अप्पा म्हणाले. "इथून पुढे फक्त वर जायचं."

"अप्पा, पाय सोडा आता."

"खूण पक्की झाल्याशिवाय कसा सोडू?" असं म्हणत अप्पांनी तिची टाच एका हाताने भिंतीशी दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने रेघ आणखी ठळक केली. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

चिऊ हे नाव ती ओंजळीत मावत होती त्या दिवसांतलं. आता ती भरलेला गॅस सिलिंडर एका खांद्यावर टाकून जिना चढत असे आणि दारात उभी राहिली की खोलीत अंधार पडत असे. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ती ग्रॅपलिंग खेळे. ग्रॅपलिंग म्हणजे कुस्तीचीच बहीण. फरक इतकाच, की इथे पाठ टेकली म्हणून कोणी हरत नाही. समोरच्याला असं काही जखडायचं, की त्यानेच हाताने जमिनीवर थाप मारून 'पुरे झालं' असं कळवायचं. थाप पडली की धरणाऱ्याने त्याच क्षणी सोडायचं. 'थांब जरा' नाही, 'बघू किती सहन होतं' नाही. हा नियम अप्पांना मनापासून आवडला होता. ज्या खेळात शरण जाण्याचीसुद्धा रीतसर सोय आहे तो खेळ सभ्यच असणार, असं ते येईल जाईल त्याला सांगत. आपल्यावर थाप मारायची वेळ आली तर आपण काय करू, हा प्रश्न मात्र त्यांच्या डोक्यात कधी आला नव्हता.

भिंतीवरच्या रेघेला कारण झाल्या कोचबाई. राज्याच्या संघाची निवड चाचणी तोंडावर आली होती आणि कनिष्ठ गटातलं चिऊचं हे शेवटचं वर्ष होतं. आता नाही तर मग थेट मोठ्या बायकांच्या गटात जायचं, आणि तिथल्या बायकांपुढे चिऊसुद्धा खरोखरच चिऊ वाटली असती. अप्पा क्लबवर चौकशीला गेले तेव्हा कोचबाईंनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

"हात उत्तम, कंबर उत्तम, डोकंही चालतं. पण मांडीच्या मागचा स्नायू दगडासारखा आहे. आम्ही त्याला हॅमस्ट्रिंग म्हणतो. कोणी हिचा पाय उचलून धरला की ही दुसऱ्या पायावर टिकतच नाही. अशीच लढवली तर एक दिवस तो स्नायू फाटेल, आणि ते मी माझ्या हाताने करणार नाही. चाचणीच्या आधीच्या रविवारी मी स्वतः बघते. उताणी झोपून पाय सरळ वर आला तर नाव पाठवते. नाही तर नाही."

"मग ताणायला हवा तो," अप्पा म्हणाले.

"ताणायला जोडीदार लागतो. हिची जोडीदारीण नोकरी लागून परगावी गेली. घरात कोणीतरी रोज पाय धरायला हवा." इतकं बोलून कोचबाई थांबल्या. अप्पा बुटाची नाडी बांधत होते. पण ते वाकले नव्हते, त्यांनी पाय बाकावर ठेवला होता, आणि तरीही नाडी आणि बोटं यांची गाठ पडत नव्हती. "हं," कोचबाई म्हणाल्या, "म्हणजे हे घरातूनच आलंय तर."

हे वाक्य अप्पांना फार लागलं. आपल्या घराण्यातून मुलीला सरळ नाक आणि सरळ वागणूक मिळाली, असं ते आजवर समजत होते. घरी पोचल्यावर दारात बूट काढता काढताच त्यांनी जाहीर केलं, "चिऊचा पाय मी धरणार."

पद्धत साधी होती. चिऊने उताणं झोपायचं, एक पाय जमिनीवर, दुसरा गुडघ्यात न वाकवता वर. अप्पांनी तिची टाच खांद्यावर घ्यायची आणि ताण जाणवेल इथपर्यंतच हळूहळू पुढे न्यायची. मग चिऊने टाचेने अप्पांचा खांदा जरा वेळ खाली दाबायचा, मग सैल सोडायचा, आणि त्या सैल क्षणी पाय आपसूक आणखी थोडा पुढे जातो. कोचबाईंनी हे नीट समजावून सांगितलं होतं. पण अप्पा पाणीपुरवठा खात्यात नव्या नळजोडांची तपासणी करत. नवी पाइपलाइन टाकली की तिच्यात दाब भरायचा, काटा चढताना बघायचा, आणि चढला तिथे खूण करायची, यात त्यांची उमर गेली होती. त्यामुळे त्यांनी हॅमस्ट्रिंगचाही खात्याच्या पद्धतीने समाचार घ्यायचं ठरवलं. दाब म्हणजे त्यांचा खांदा आणि काटा म्हणजे भिंतीवरची रेघ.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर दुसऱ्याच संध्याकाळी चौकशीला आले आणि खुर्ची ओढून बसले. जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असे, फक्त पत्ता शोधत ते येऊन पोचायचा अवकाश असे.

"उलटं चालायला सांगा तिला," ते म्हणाले. "जिना उलटा चढायचा. मी स्वतः केलंय."

"मग?" अप्पांनी विचारलं.

"मग काय, पडलो. पण माझी गोष्ट वेगळी, मला चष्मा आहे."

समोरच्या वहिनींचं मत निराळं होतं. गरम विटेवर फडकं गुंडाळून मांडीखाली ठेवायचं, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या मावसबहिणीच्या दिरांना याने गुण आला होता. त्यांचा त्रास मांडीचा नव्हता, कानाचा होता, पण शेवटी शरीर एकच असतं, असं वहिनींचं म्हणणं पडलं. वीट आणली गेली. ती तापली नाही, फडकं मात्र तापलं, इतकं की त्याला भोक पडलं. चिऊच्या आईने भोकाकडे पाहिलं आणि ती पुन्हा काही बोलली नाही.

पण रेघा चढू लागल्या! त्यावर कोणाचंच दुमत नव्हतं. पहिली रेघ जिथे होती तिथून दुसरी बोटभर वर, तिसरी आणखी वर. अप्पांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ते डबा उघडण्याआधी रेघेचा अहवाल देऊ लागले. पोस्टमास्तर रोज स्वतःची खुर्ची घेऊन येऊ लागले आणि टाच भिंतीला टेकली की "वा!" म्हणू लागले. कधीकधी टाच टेकायच्या आधीच म्हणत. एकटी चिऊ तेवढी बुचकळ्यात पडली होती.

"अप्पा, मला काही मोकळं वाटत नाही हो. उलट जास्तच आखडल्यासारखं वाटतं."

"वाटण्यावर जाऊ नये," अप्पा म्हणाले. "भिंत काय सांगते ते बघ."

भिंत काय सांगत होती ते कोचबाईंकडे गेल्यावर कळलं. त्यांनी मध्येच एकदा सहज म्हणून चिऊला मॅटवर झोपवलं, पाय उचलला, आणि तो जिथे पूर्वी अडे तिथेच अडला. बोटभरही फरक नव्हता.

"असं कसं?" अप्पा म्हणाले. "घरी तर घड्याळाच्या खालपर्यंत जातो!"

कोचबाईंनी चिऊकडे पाहिलं. "घरी कशावर झोपतेस?"

"गादीवर. आणि वर आई रजई घालते. मला फरशी टोचते म्हणून."

"एकच रजई?"

चिऊ जरा विचारात पडली. "आधी एकही नव्हती. मग तिने एक घातली. मग मी कण्हले की ती आणखी एक घालायची. आता वरून उतरताना मला पायाने जमीन शोधावी लागते."

अप्पांचा चेहरा असा पडला की क्लबमधल्या पोरी दोरीच्या उड्या मारायच्या थांबल्या. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना 'आधी जमिनीची पातळी तपासा, मग पाइपाची उंची सांगा' असं बजावलं, त्याने स्वतःच्या घरात जमिनीची पातळी एकदाही तपासली नव्हती. पाय होता तिथेच होता. चिऊ मात्र रजईगणिक वर चढत होती, आणि पोस्टमास्तर रजयांना "वा!" म्हणत होते.

"आणि तुम्ही रेटता फार," कोचबाई म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं, तरी आवाज त्यांनी कडक ठेवला होता. "दुखलं की स्नायू स्वतःला वाचवायला आणखी घट्ट होतो. ताण वेगळा आणि कळ वेगळी. हे बोलून समजायचं नाही. झोपा तुम्ही."

"मी?"

"हो. झोपा. चिऊ, अप्पांचा पाय धर. आणि हे बघा, सहन होईनासं झालं की मॅटवर थाप मारायची. ती लगेच सोडेल."

अप्पा झोपले. भोवती पंधरावीस पोरी गोळा झाल्या. चिऊने त्यांची टाच हलक्या हाताने खांद्यावर घेतली आणि पाय साधारण स्टुलाच्या उंचीवर आला, तेवढ्यात अप्पांच्या डोळ्यांपुढे दिवसा तारे चमकले. थाप मारायची वेळ आली होती. पण थाप म्हणजे शरणागती, आणि तीही स्वतःच्या मुलीपुढे, परक्या पोरींच्या देखत, पाय अजून स्टूलसुद्धा ओलांडत नसताना! अप्पांनी ओठ मिटले. चेहऱ्यावर त्यांनी, त्यांच्या समजुतीप्रमाणे, मंद हसू आणलं.

"अप्पा, बरं आहे ना?"

"उत्तम," अप्पा म्हणाले. "अजून ने."

चिऊने पाय आणखी पुढे नेला. मांडीच्या मागे काहीतरी कटकन बोललं. त्यानंतर अप्पा जे ओरडले त्याला थाप म्हणता येणार नाही, पण ऐकू थापेपेक्षा लांब गेलं. चिऊने पाय सोडला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "थाप का नाही मारलीत? नुसता हात आपटायचा होता ना!" याचं कारण अप्पांना ठाऊक होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्नायू फाटलेला नाही, नुसता रागावलाय, आठवडाभर ऑफिसला जाऊ नका. चिठ्ठीवर त्यांनी प्रामाणिकपणे 'ग्रॅपलिंगच्या सरावात दुखापत' असं लिहिलं, आणि इथून प्रकरण अप्पांच्या हाताबाहेर गेलं. अप्पा लंगडत लंगडत आस्थापना शाखेत चिठ्ठी द्यायला गेले. तिथला कारकून नियमांवर जीव असलेला माणूस होता. त्याने चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली.

"आजारपणाची रजा मिळणार नाही. हा आजार नाही."

"मग अपघाताची द्या."

"अपघात रस्त्यावर होतो नाही तर कामावर. तुम्ही कुठे होतात?"

"मॅटवर."

कारकुनाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. "अहो, मग ही क्रीडा-दुखापत! त्याला विशेष रजा आहे. नियम झाल्यापासून तो कोणी वापरलेलाच नाही." त्याने कपाटातून धूळ झटकत पुस्तक काढलं. "फक्त कर्मचारी नोंदणीकृत खेळाडू हवा."

"पण मी खेळाडू नाही. मी खेळाडूचा बाप आहे."

"बापाला रजा नाही," कारकून हळहळून म्हणाला. "नोंदणी करून घ्या ना साहेब. माझ्या हातून एकदा तरी हा नियम लागू होऊ दे."

अशा रीतीने, पन्नाशी ओलांडलेले, नाडी बांधता न येणारे आणि एका पायाने अधू झालेले अप्पा ग्रॅपलिंगचे नोंदणीकृत खेळाडू झाले. संघटनेने ज्येष्ठ गटात त्यांचं नाव घातलं आणि फोटो असलेलं कार्ड दिलं. ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना पैलवान म्हणू लागले. अप्पा वरवर चिडत. पण आरशासमोर उभं राहून ते कार्ड खिशाला लावून बघताना चिऊच्या आईने त्यांना एकदा पकडलं, आणि तेव्हा मात्र ती इतकी हसली की भिंतीवरच्या रेघांची फिर्याद त्या हसण्यात निकालात निघाली.

घरात पडून राहण्याचा एक फायदा झाला. कोचबाईंनी दुखऱ्या पायासाठी अप्पांनाही तोच व्यायाम सांगितला, अगदी हलक्या हाताने करायचा. मग संध्याकाळी रजया गुंडाळून ठेवून बाप-लेक फरशीवर एकच चटई टाकून पाळीपाळीने झोपू लागले. आधी चिऊ अप्पांचा पाय धरे, मग अप्पा चिऊचा. आणि पहिल्याच संध्याकाळी, टाच तिच्या खांद्यावर असताना, ताण कुठे संपतो आणि कळ कुठे सुरू होते ते अप्पांना स्वतःच्या मांडीत कळलं. इतके दिवस आपण पोरीला काय करत होतो तेही कळलं. त्यांना फार वाईट वाटलं.

"तू मला कधी थांबवलं का नाहीस गं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही इतके खुशीत असायचात रेघ मारताना," चिऊ म्हणाली.

त्यानंतर अप्पांनी पेन्सिल हातात धरली नाही. ते भिंतीकडे बघेनासे झाले आणि चिऊच्या चेहऱ्याकडे बघू लागले. भुवई जरा हलली की ते थांबत. ती श्वास सोडे, मांडी सैल पडे, आणि पाय हलकेच पुढे येई. पोस्टमास्तरांना यात काहीच बघण्यासारखं उरलं नाही. दोनदा त्यांना खुर्चीत डुलकी लागली आणि मग ते येईनासे झाले. रविवारी कोचबाईंनी चिऊचा पाय उचलला. तो जुन्या जागी अडेल म्हणून अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा पाय सरळ छताकडे होता आणि कोचबाई एवढंच म्हणाल्या, "पाठवते नाव." फक्त त्यांनी बजावलं, की घाम वाळला की हिची मांडी परत आखडते, त्यामुळे प्रत्येक लढतीच्या अगदी आधी कोणीतरी पाय धरलाच पाहिजे. "ते मी बघेन," असंही त्या म्हणाल्या.

चाचणीच्या दिवशी नेमके एक पंच आलेच नाहीत. आयोजकांनी कोचबाईंना शिट्टी देऊन तिसऱ्या मॅटवर उभं केलं. पंच झालेल्या माणसाने आपल्या खेळाडूला हात लावायचा नाही, हा नियम. आणि मैदानात फक्त खेळाडू, बाकीच्यांनी वर गॅलरीत बसायचं, हाही नियम. चिऊची पहिली लढत ती तापलेली होती तोवर निभावली. दुसरी जिंकली तीही कशीबशी. मग मधे लांबलचक खोळंबा झाला. गॅलरीतून अप्पांना दिसलं, की चिऊ भिंतीला टेकून मांडी चोळत बसली आहे, तिसऱ्या मॅटकडे बघते आहे, आणि कोचबाई शिट्टी तोंडात धरून हताशपणे मान हलवत आहेत. पुढची लढत जिंकली तरच निवड होती.

ते जिना उतरून दाराशी गेले. तिथे छातीवर फीत लावलेला स्वयंसेवक उभा होता.

"पालकांनी वर बसायचं."

"माझ्या मुलीचा पाय धरायचाय."

"खेळाडूंशिवाय कोणालाही प्रवेश नाही."

अप्पांनी खिशातून कार्ड काढलं. स्वयंसेवकाने कार्डाकडे पाहिलं, अप्पांच्या पोटाकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं आणि एकदम ओरडला, "अहो, ज्येष्ठ गटाचे दुसरे आले! आले दुसरे!"

ज्येष्ठ गटात आजवर एकच खेळाडू होता, एक भलाथोरला, प्रेमळ चेहऱ्याचा बेकरीवाला. तो कित्येक वर्षं दर चाचणीला उत्साहाने येई आणि प्रतिस्पर्धी नाही म्हणून न लढताच घरी जाई. आता तो अप्पांकडे असा धावत आला, जणू हरवलेला भाऊच सापडला होता. त्याने अप्पांचे दोन्ही हात हातात घेतले. "कधीपासून वाट बघतोय तुमची," तो म्हणाला.

"मी लढायला आलो नाहीये," अप्पा म्हणाले.

"मग बाहेर जावं लागेल," फीतवाला म्हणाला. "मैदानात राहायचं तर लढणारा पाहिजे. पहिल्या मॅटवर आत्ताच घेतो तुमची. पाच मिनिटांत मोकळे."

अप्पांनी वर पाहिलं. गॅलरीत चिऊची आई उभी राहिली होती. तिच्या शेजारी पोस्टमास्तर होते. आणि त्यांच्या पलीकडे, विशेष रजेचा खेळाडू प्रत्यक्ष बघायला म्हणून, आस्थापनेचा कारकून ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना घेऊन आला होता. "पैलवान! पैलवान!" असा गजर सुरू झाला. हरायचं तर होतंच, पण निदान बघणाऱ्यांना 'झुंजला बरं का' असं म्हणता येईल इतकं तरी टिकायचं, असं अप्पांनी मनाशी ठरवलं आणि ते बूट काढून मॅटवर गेले.

सुरुवात वाईट झाली नाही. बेकरीवाला आनंदाने इतका भांबावला होता की त्याला कुठून धरावं ते सुचेना. दोघे एकमेकांच्या खांद्यांना धरून गोल फिरले. मग दोघेही पडले. कोण कोणामुळे पडलं ते पंचांनाही सांगता आलं नसतं. बेकरीवाल्याने अप्पांचा हात काखेत घेतला. पण पकड सैल होती, दुखत काहीच नव्हतं, आणि अप्पांना स्पष्ट कळलं, की कोपर जरा ओढलं तर आपण सुटतो. गॅलरीत कारकून बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "सोडू नका साहेब! नियमात बसतंय!"

त्याच वेळी भोंग्यावर चिऊचं नाव पुकारलं गेलं. दुसरी मॅट, तयार राहा.

अप्पांनी हात उचलला आणि मॅटवर जोरात थाप मारली. एक नाही, तीन. शंकेला जागा नको म्हणून त्यांनी चौथीही मारली. बेकरीवाल्याने तत्काळ सोडलं. "लागलं का हो?" त्याने काळजीने विचारलं. "छे, सुरेख लढलात," अप्पा म्हणाले आणि तसेच अनवाणी, लंगडत, एका पायाने धावत दुसऱ्या मॅटकडे सुटले. मागे गॅलरीतला गजर एकदम बंद पडला होता. पोस्टमास्तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एवढ्यातच?" अप्पांनी ते ऐकलं. आश्चर्य म्हणजे त्यांना काहीच वाटलं नाही.

"झोप," ते चिऊला म्हणाले.

चिऊ झोपली. अप्पांनी टाच खांद्यावर घेतली आणि तिच्या भुवईकडे बघत राहिले. दाब, सैल, पुढे. पुन्हा दाब, सैल, पुढे. मांडी मऊ पडेपर्यंत त्यांनी घाई केली नाही, पंच घड्याळ दाखवत होते तरी केली नाही. मग ते म्हणाले, "ऊठ, झालं."

लढतीत समोरच्या मुलीने करायचं तेच केलं. तिने चिऊचा पाय पकडला आणि उचलला. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. आता पडते, असं सगळ्या हॉलला वाटलं. पण पाय वर जात राहिला आणि चिऊ खालच्या एका पायावर टुणटुण उड्या मारत उभीच राहिली. वर धरायला जागा उरेना तेव्हा ती मुलगी गोंधळली, तिची मान पुढे आली, आणि चिऊने ती काखेत घेतली. पाठोपाठ मॅटवर थाप ऐकू आली. अप्पांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की शेजारच्या मॅटवरची लढत कोणीतरी शरण गेलं असं समजून थांबली.

चिऊ घामाने निथळत बाहेर आली. अप्पांना वाटलं ती मिठी मारेल. ती समोर उभी राहून त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मी बघत होते तुमची लढत," ती म्हणाली. "त्यांची पकड लागलीच नव्हती. तुम्हाला सुटता येत होतं."

"हो," अप्पा म्हणाले. "पण तुझं नाव पुकारलं ना. मग तुझा पाय कोणी धरला असता?"

चिऊने मनगटाने नाक पुसलं. अप्पांना त्या क्षणी इतकं भरून आलं, की राज्याच्या संघाचं त्यांच्या लक्षातही राहिलं नाही. तेवढ्यात भोंगा पुन्हा खरखरला आणि निवड झालेल्यांची नावं आली. कनिष्ठ गटात चिऊ होती. मग ज्येष्ठ गट. नियमाप्रमाणे प्रत्येक गटातले पहिले दोघे राज्याच्या संघात जातात. पहिला बेकरीवाला. दुसरे अप्पा.

"दोघांत दुसरा आलेला माणूस?" पोस्टमास्तरांचा आवाज गॅलरीतून आला. "नियम आहे!" कारकून हर्षभराने ओरडला. बेकरीवाला लांबून हात हलवत होता. चिऊची आई कठड्यावर डोकं टेकून हसत होती.

अप्पांनी खुर्चीचा आधार शोधला. आता कुठे त्यांना जाणवत होतं की धावल्यामुळे मांडी चांगलीच ठणकते आहे. ते पाय हळूच चोळू लागले, तर चिऊने त्यांचा हात बाजूला केला.

"झोपा," ती म्हणाली.

"इथे? एवढ्या लोकांसमोर? घरी गेल्यावर बघू."

"घरी जाईपर्यंत आखडेल. झोपा अप्पा, मी धरते."

अप्पांनी एकदा गॅलरीकडे पाहिलं. पोस्टमास्तर बघत होते, सगळं ऑफिस बघत होतं. मग ते भर हॉलमध्ये पाठ टेकून आडवे झाले आणि त्यांनी पाय वर केला.